पडद्यावरची किंमत, दारातली किंमत

परदेशी वस्तूचे आकर्षण मराठी मध्यमवर्गाला नवे नाही. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात आखातातून सुटीवर येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून टेपरेकॉर्डर येत असे. ज्यांना असा नातेवाईक नव्हता ते हाजी अलीच्या हिरा पन्नात ‘इम्पोर्टेड’ मालाच्या शोधात फिरत. बिल मागायचे नाही आणि हमी विचारायची नाही, हा अशा खरेदीतला अलिखित करार होता. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उरलीसुरली परिमाणात्मक बंधने उठली आणि परदेशी वस्तू उजळ माथ्याने दुकानात आली. त्यानंतर इंटरनेटने दुकानही मधून काढून टाकले. आज पुण्याच्या सदनिकेत बसून अमेरिकेतला, जपानमधला किंवा चीनमधला गाडीचा स्टिरिओ मागवता येतो. प्रश्न एवढाच आहे की, दुकानदार मधून गेला तेव्हा त्याची कामे कोणाच्या डोक्यावर आली?

उत्तर सोपे आहे. ती कामे ग्राहकाच्या डोक्यावर आली. परदेशातून ऑनलाइन खरेदी करणारा माणूस स्वतःला ग्राहक समजत असतो. कायद्याच्या आणि व्यवहाराच्या दृष्टीने मात्र तो त्या क्षणी आयातदार झालेला असतो. आयातदाराचे सगळे धोके त्याच्या वाट्याला येतात, आयातदाराचा नफा तेवढा येत नाही. गाडीतल्या संगीतयंत्रणेच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसते, कारण ही वस्तू जड असते, नाजूक असते, एका विशिष्ट गाडीत बसवावी लागते आणि तिच्यातला रेडिओ एका विशिष्ट देशासाठी बनवलेला असतो.

वीस हजारांचे बत्तीस हजार

आधी पैशाचा हिशेब करू. समजा, एका परदेशी संकेतस्थळावर स्पीकर आणि ॲम्प्लिफायरचा संच आपल्या चलनात २०,००० रुपयांना दिसतो. हाच संच इथल्या दुकानात २८,००० रुपयांना आहे, असे धरू. आठ हजार वाचले म्हणून मन खूश होते. पण सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवर आकारले जात नाही. वस्तू, वाहतूक आणि विमा यांच्या एकत्रित किमतीवर ते आकारले जाते. वाहतूक ४,००० रुपये झाली आणि विमा उतरवलेलाच नसला, तरी मूल्यांकनाच्या नियमांनुसार वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के, म्हणजे २२५ रुपये, विम्यापोटी धरले जातात. शुल्कासाठी मूल्य झाले २४,२२५ रुपये.

आता कर. दर बदलत असतात. व्यक्तिगत वापरासाठी आणलेल्या शुल्कपात्र वस्तूंवरचा दर २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा २०२६ च्या अर्थसंकल्पात झाली. आपण हाच कमी दर धरू. १० टक्क्यांनी २,४२२ रुपये होतात. त्यानंतर वस्तू व सेवा कर लागतो, आणि तो मूळ मूल्य अधिक सीमाशुल्क या बेरजेवर लागतो. म्हणजे करावर कर. १८ टक्के धरले तर ते ४,७९७ रुपये. बँक परदेशी व्यवहारासाठी कार्डावर जो आकार लावते तो अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो आणि त्या आकारावरही कर असतो. ते हजाराच्या आसपास. एकूण खर्च ३२,२०० च्या पुढे गेला. यात अधिभार धरलेला नाही, कुरिअर कंपनी कस्टम्सचे सोपस्कार करण्यासाठी जे शुल्क घेते ते धरलेले नाही आणि फिटरची मजुरीही धरलेली नाही. दुकानात २८,००० ची वस्तू, जिच्या किमतीत कर आधीच भरलेला होता, ती ‘स्वस्तात’ आणण्यासाठी आपण चार हजार रुपये अधिक मोजले.

वाहतुकीचा आकडाही फसवा असतो. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त असेल त्यावर पैसे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचे, ही त्यांची सर्वसाधारण रीत. ५० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरचे वूफरचे खोके प्रत्यक्षात १२ किलोचे असले तरी हिशेबात २० किलोचे होते. शिवाय स्पीकरमध्ये मोठे लोहचुंबक असते. विमानातून चुंबकीय वस्तू नेण्याबाबत कडक नियम आहेत, कारण विमानाच्या होकायंत्रावर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे मोठा वूफर काही वेळा विमानाने नाकारला जातो.

‘गिफ्ट’ नावाची पळवाट

यावर काही विक्रेते सल्ला देतात की, पार्सलावर ‘गिफ्ट’ असे लिहू, किंमत कमी दाखवू. एके काळी पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना सवलत होती आणि तिचा इतका सरसकट गैरवापर झाला की, डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने जीवरक्षक औषधे आणि राखी वगळता भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंची करमुक्त आयातच बंद केली. हे अजून अनेकांना ठाऊक नाही. खोटी किंमत दाखवलेले पार्सल अडले, तर खुलासा विक्रेत्याकडे मागितला जात नाही. ज्याच्या नावावर पार्सल आहे आणि ज्याचे आधार किंवा पॅन कुरिअर कंपनीने ओळखीसाठी घेतले आहे, त्याच्याकडेच मागितला जातो. आणि पार्सल वाटेत हरवले तर भरपाई कागदावर लिहिलेल्या खोट्या किमतीइतकीच मिळणार, हेही ओघाने आलेच.

ही वाट जगभरच अरुंद होत चालली आहे. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या पार्सलांची करमाफी १ जुलै २०२१ पासून रद्द केली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी बंद केली. लहान पार्सल कोणाच्या नजरेत येत नाही, हे दिवस संपले.

रेडिओचा देश कोणता?

समजा पैशाचा हिशेब जुळला. पुढचा प्रश्न वस्तू इथे चालेल का, हा आहे. अनेकांना वाटते, रेडिओ तो रेडिओ. पण रेडिओची मोजपट्टी सगळ्या देशांत सारखी नसते. जपानमध्ये एफएमचा पट्टा ७६ ते ९५ मेगाहर्ट्झ असा आहे. केवळ त्या बाजारासाठी बनवलेल्या स्टिरिओवर मुंबईत ९१.१ ऐकू येईल, ९८.३ मात्र त्याच्या आवाक्यातच नाही. अमेरिकेत एफएम केंद्रे ०.२ च्या अंतराने असतात आणि सगळी विषम दशांशावर, म्हणजे १००.९, १०१.१ अशी. पुण्याची विविध भारती १०१.० वर, तिथे तो काटा थांबतच नाही. मध्यम लहरींवर अमेरिकेत १० किलोहर्ट्झचे अंतर, आपल्याकडे ९ चे. आकाशवाणी पुणे म्हणजे ७९२ हा आकडा ज्या पिढ्यांना पाठ आहे, त्यांना हा संच ७९० किंवा ८०० दाखवील. चांगल्या कंपन्यांच्या संचात प्रदेश बदलण्याची सोय असते. ती आहे की नाही, हे मागवण्यापूर्वी माहितीपुस्तिकेत पाहिले पाहिजे. पार्सल उघडल्यावर पाहून उपयोग नाही.

अमेरिकी संचात उपग्रह रेडिओची सोयही असते आणि किमतीत तिचे पैसे धरलेले असतात. ती सेवा भारतात नाही. आपल्याकडे वर्ल्डस्पेस ही उपग्रह रेडिओ सेवा होती. ती २००९ च्या अखेरीस बंद पडली आणि घराघरांतले तिचे संच मुके झाले. जी सेवा देशात नाही तिचे यंत्र विकत घेणे म्हणजे नळ नसलेल्या घरात तोटी बसवण्यासारखे आहे.

मग गाडी. स्टिरिओच्या खाचेचे माप १८० मिलिमीटर रुंद आणि ५० किंवा १०० मिलिमीटर उंच, असे ठरलेले आहे. पण टोयोटासारख्या कंपनीच्या अनेक गाड्यांत ते २०० मिलिमीटर रुंद असते. डाव्या हाताला सुकाणू असलेल्या गाडीसाठी केलेली फ्रेम आपल्या गाडीत बसेलच असे नाही. मागच्या बाजूचे कपलर जुळले नाहीत की, फिटर मूळ वायर कापून जोड देतो. अशी कापाकापी झाल्यावर वायरिंगमधल्या पुढच्या बिघाडासाठी गाडीच्या कंपनीची हमी मागणे अवघड होते. ढिला जोड आणि चुकीचा फ्यूज यांतून गाडीला आग लागू शकते, ही तर पैशापलीकडची गोष्ट आहे.

वॉटचे गणित

या बाजारात फसवणुकीची सर्वांत जुनी जागा म्हणजे वॉट. पूर्वी डबड्याएवढ्या टेपवर ‘पीएमपीओ १००० वॉट’ असे छापलेले असे. आता तोच आकडा ‘मॅक्स पॉवर’ या नावाने येतो. यावर एक साधी परीक्षा आहे. ॲम्प्लिफायरच्या मागे फ्यूज किती अँपिअरचा आहे ते पाहावे आणि त्याला १४.४ ने गुणावे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण तेवढे व्होल्ट असतात. फ्यूज १५ अँपिअरचा असेल तर २१६ वॉट आले. यंत्र जेवढी वीज घेते त्याहून जास्त सातत्याने देऊ शकत नाही. त्यातलीही बरीच उष्णतेत जाते. मग खोक्यावरचे १,२०० वॉट कोठून आले? प्रामाणिक उत्पादक आरएमएस वॉट सांगतो आणि ते किती ओहमवर, किती विकृतीला मोजले तेही सांगतो. दुकानात ही तपासणी उभ्या उभ्या होते. पडद्यावर फक्त छायाचित्र दिसते, आणि नकली मालाचे छायाचित्र अस्सल मालाचेच असते.

दाद कोठे मागायची?

वस्तू बिघडली तर काय? बहुतेक बड्या कंपन्यांची हमी ज्या देशात विक्री झाली त्या देशापुरती असते, आणि तीही अधिकृत विक्रेत्याकडून घेतली असेल तरच. म्हणजे नाव ओळखीचे, कंपनीचे केंद्र आपल्याच शहरात, तरी तिथला माणूस यंत्राचा क्रमांक पाहून हात वर करू शकतो, आणि त्यात त्याची चूक नसते. माल परत पाठवायचा तर जाण्याचा खर्च आपला, आणि दुरुस्त होऊन आला की कस्टम्सचा प्रश्न पुन्हा उभा. भरलेले शुल्क परत मिळण्याची तरतूद सीमाशुल्क कायद्याच्या ७४ व्या कलमात आहे. न वापरलेला माल मुदतीत परत निर्यात केला तर ९८ टक्के शुल्क मिळू शकते. परंतु ती प्रक्रिया व्यापाऱ्यांच्या सवयीची आहे. एका वूफरसाठी ती पार पाडणारा नोकरदार विरळाच.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातली एक तरतूद फार चांगली आहे: ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तो तक्रार करू शकतो. ई-व्यापाराचे २०२० चे नियमही भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी संस्थांना लागू आहेत. कागदावर हे सारे उत्तम आहे. परंतु निकाल मिळणे वेगळे आणि त्याची अंमलबजावणी होणे वेगळे. ज्या विक्रेत्याचे इथे कार्यालय नाही, मालमत्ता नाही, त्याच्याकडून पैसे वसूल कसे करणार? भारतीय न्यायालयांच्या हुकूमनाम्यांची परस्पर अंमलबजावणी ज्या देशांशी ठरलेली आहे, त्यांत अमेरिका नाही आणि चीनही नाही. आणि हा माल तर प्रामुख्याने तिथूनच येतो.

शिवाय दोन देशांचे संबंध बिघडले की दुकानच नाहीसे होते. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने ज्या ४३ ॲपवर बंदी घातली त्यांत अलीएक्स्प्रेसही होते. बंदीचे कारण योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. पण सीमेपलीकडचे दुकान आपल्यासाठी एका आदेशाने बंद होऊ शकते, हे त्यातून दिसले.

मग घ्यायचेच नाही?

तसे म्हणणे अन्यायाचे होईल. लोक परदेशाकडे वळतात याला इथला बाजारही जबाबदार आहे. निवड मर्यादित, जुने मॉडेल नव्या भावात, आणि बिल मागितले की कपाळाला आठी. जुन्या गाडीचा दुर्मीळ स्टिरिओ किंवा इथे येतच नाही असा एखादा सुटा भाग परदेशातून मागवणे शहाणपणाचेच ठरू शकते. हलकी, बसवायला सोपी आणि न बिघडणारी वस्तू मागवावी; जड, विजेवर चालणारी आणि बसवायला कसब लागणारी वस्तू शक्यतो इथेच घ्यावी. मागवायचीच तर कर धरून दारातली किंमत सांगणाराच विक्रेता निवडावा, क्रेडिट कार्डानेच पैसे द्यावेत म्हणजे माल न आल्यास बँकेकडे आक्षेप नोंदवता येतो, आणि आधी आपल्या फिटरला माप व कपलर दाखवून घ्यावेत.

सरकारचेही काम आहे. सामान्य माणसाला घरबसल्या एका पार्सलवरचा एकूण कर कळेल, असे साधे मराठीतले कोष्टक सीमाशुल्क विभागाने का देऊ नये? आणि इथल्या ग्राहकाकडून रोज पैसे घेणाऱ्या परदेशी दुकानाने निकालाच्या भरपाईसाठी काही अनामत इथे ठेवावी, अशी अट का नसावी? दुकानदार आपल्याकडून नफा घेत होता, हे खरे. पण त्या नफ्याच्या बदल्यात तो कर भरत होता, धोका पत्करत होता, आणि वस्तू बिघडली तर सोमवारी सकाळी त्याच गल्लीत सापडत होता. त्याला मधून काढल्यावर जे आठ हजार वाचल्यासारखे वाटतात, ती या सगळ्या कामांची मजुरी आहे. ती कामे आता आपल्यालाच करायची आहेत, एवढे ओळखून ज्याने बटण दाबायचे त्याने खुशाल दाबावे.