बोटीलाही स्टेपनी हवीच!
'स्टेपनी' हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथेच हे जादा चाक निघालं. अमेरिकेत लोक गाडीमागे ट्रेलरवर बोट ओढत तळ्यावर जातात, पण ट्रेलरला स्टेपनी असेलच असं नाही. म्हणे, गाडीची आहे ना! अहो, पण ती बहुधा बसतच नाही. बोल्टांचं अंतर वेगळं, चाकाचा साइझ वेगळा. शिवाय ट्रेलर महिनोन्महिने उभा. नक्षी शाबूत, पण उन्हाने रबर तडकलेलं! मग हायवेच्या कडेला बोट सोडून टायर शोधत फिरायचं? माझं मत सरळ आहे. स्टेपनी घ्या आणि जॅक-पाना घरीच एकदा लावून बघा. सबमिशनच्या आदल्या रात्री प्रिंटर बंद पडलेल्यांना जास्त सांगायला नको!