रॅम नंतर वाढवू?

इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली की पांढरकवड्यातल्या घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. बाबा कापसाच्या पैशांचा हिशेब मांडतात आणि ठरतं, "आता कमी रॅमचा घे, नंतर वाढवू."

जुन्या लॅपटॉपला हे चालायचं. मागचे स्क्रू काढले, पट्टी बसवली, झालं! नव्या महागड्या मॉडेलांपैकी बऱ्याच ठिकाणी ही सोयच उरलेली नाही. इंटेलच्या २०२४ मधल्या 'कोअर अल्ट्रा २०० व्ही' मालिकेत रॅम प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच बसवलेली आहे. १६ किंवा ३२ जीबी, घेतली तेवढीच. मॅकबुकमध्येही रॅम वाढवता येत नाही. वीज कमी लागते, लॅपटॉप सडपातळ होतो, हे मान्य. पण चार वर्षांचा निर्णय दुकानातच घ्यावा लागतो, भाऊ.

त्यात आपला उन्हाळा. आताच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही, आणि ॲपल वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी एवढं कमी असतं कुठे?

एसएसडी मात्र अनेक विंडोज लॅपटॉपमध्ये अजूनही बदलता येते. तशी सोय आहे का, हे आधी विचारा. असेल तर तिथे पैसे वाचवा आणि रॅमवर घाला.