एक क्रियापद, चिनी विद्यार्थी आणि आपण

इंग्रजीतील ‘अबॉलिश’ हे क्रियापद इतिहासाच्या आणि कायद्याच्या ग्रंथांत पदोपदी भेटते. चिनी विद्यार्थी ते शिकू लागतो, तेव्हा शब्दकोश त्याच्यापुढे ‘फेइछू’ हा शब्द ठेवतो. अर्थ चुकीचा नाही. परंतु चिनी भाषेत शाही परीक्षापद्धतीलाही ‘फेइछू’ आणि परकीय सत्तांनी लादलेल्या विषम तहांनाही ‘फेइछू’च. इंग्रजीत पद्धतीसाठी ‘अबॉलिश’, तहासाठी बहुधा ‘ॲब्रोगेट’ आणि कायद्यासाठी ‘रिपील’ योजतात. त्यामुळे व्याकरणदृष्ट्या निर्दोष असलेले त्याचे वाक्यही जाणकाराला खटकते.

शिवाय चिनी क्रियापद काळानुसार वा प्रयोगानुसार रूप बदलत नाही. ‘१९०५ साली परीक्षापद्धती रद्द’ अशा धर्तीचे वाक्य तेथे सहज चालते. तेच इंग्रजीत उतरवताना सहायक क्रियापद गळते आणि परीक्षापद्धतीनेच काहीतरी रद्द केले, असा भास होतो! वास्तविक सुमारे १३०० वर्षांची ती पद्धती छिंग दरबाराच्या आदेशाने संपुष्टात आली. कर्ता कोण, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला केवळ व्याकरणापुरता ठेवता येत नाही.

आपली मुलेही फार वेगळ्या ठिकाणी उभी नाहीत. मराठीत गाडी रद्द होते, सुट्टी रद्द होते, कायदाही रद्दच होतो. ‘अबॉलिश म्हणजे रद्द करणे’ एवढेच वहीत उतरवून घेतलेला मुलगा उद्या सहलही ‘अबॉलिश’ करील. आणि त्याला हसणारे आम्ही शिक्षक, ती शब्दांची यादी आम्हीच दिली होती, हे सोयीस्करपणे विसरू. क्रियापद एकटे शिकवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गुलामगिरी, राजेशाही, फाशीची शिक्षा, एखादा कर, अशा ज्या नामांच्या संगतीत ते नांदते, त्यांच्यासह ते शिकवावे.

पालकांना हा काथ्याकूट वाटेल. त्यांनी भारतीय संविधानाचे कलम १७ इंग्रजीत मुलांसह वाचावे. तेथे अस्पृश्यतेसाठी ‘अबॉलिश’ आहे, तिच्या आचरणासाठी मात्र ‘फॉरबिड’. दोहोंना ‘बंद करणे’ हा एकच अर्थ देणाऱ्या विद्यार्थ्याला येथे दोन क्रियापदे का लागली, हे कळणारच नाही. रूढीची मान्यता कायद्याच्या एका शब्दाने काढून घेता येते; गावातील, पाणवठ्यावरील आचरण तेवढ्याने थांबत नाही. त्याला मनाई करावी लागते आणि मनाई मोडणाऱ्याला शासन करावे लागते. म्हणूनच अस्पृश्यतेतून उद्भवणारी कोणतीही निःसमर्थता लादणे हा त्याच कलमात पुढे कायद्यानुसार शिक्षापात्र अपराध ठरवला आहे.