पाम उन्हाळ्यात वाढत नसतो

एप्रिल लागला की परभणीत ओळखीपाळखीतून एक विचारणा हमखास येते : ‘रॅफिस पाम आणून वर्ष झालं, जागचा हलत नाही, कोणतं खत घालू?’ माझं म्हणणं, आत्ता काहीही घालू नका.

रॅफिस मुळातच संथ. दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामच्या रानात मोठ्या झाडांच्या सावलीला वाढणारी ही जात. एका खोडाला वर्षभरात मोजकीच पानं येतात आणि ते निरोगीपणाचंच लक्षण आहे. मे महिन्यात पारा 42-43 वर असताना हे झाड फक्त तग धरत असतं. तेव्हा युरिया टाकला की मुळं करपतात. मायेपोटी केलेला हा उपाय मला खरंच बघवत नाही. उन्हाळ्यात त्याला सावली हवी. पूर्वेचा व्हरांडा किंवा हिरवी जाळी चालते, पण कूलरच्या मागची गरम जागा अजिबात नको.

प्लॅस्टिकची काळी कुंडी उन्हात तापते आणि आतली मुळं शिजतात. मातीची कुंडी पाझरते, म्हणून माठासारखी गार राहते. तिच्यात नुसती काळी माती मात्र भरू नये. शेतात ती सोनं आहे, पण कुंडीत भिजली की फुगून मुळांचा श्वास कोंडते आणि सुकली की भेगाळून बारीक मुळं तोडते. एक वाटा काळी माती, बाकी जाड वाळू, कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत, असं मिश्रण बरं.

कुंडीला बाहेरून पांढरा थर चढतो, नखानं खरवडला की भुकटी पडते. तो बोअरच्या पाण्यातला क्षार. पानांची टोकं तपकिरी होण्यामागे बहुतेकदा तोच असतो. साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम. नाहीतर अधूनमधून तळातून वाहून जाईल इतकं भरपूर पाणी द्यावं, म्हणजे क्षार धुऊन निघतात. कुंडीखालच्या ताटलीत ते पाणी साचू देऊ नये.

पान पिवळं पडलं की लगेच कात्री लावायची घाई होते. आधी कोणतं पान ते पाहा. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या रानात सोयाबीन असंच पिवळं पडतं. जिंतूर-सेलूकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागणार नाही. उपायही तोच, चिलेटेड लोहाची हलकी फवारणी, संध्याकाळी. खालचं जुनं पान कडेनं पिवळं होत असेल तर ते बहुधा पालाश कमी असल्याचं लक्षण. त्या पानातला उरलासुरला पालाश झाड नव्या पानाकडे वळवत असतं. अर्धवट पिवळं पान कापलं की ती शिदोरीच आपण काढून घेतो. पूर्ण वाळेपर्यंत त्याला हात लावू नये.

कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. ठिपके चालायला लागले तर कोळी आहे. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरकस फवारा मारत राहिलं की बराच आटोक्यात येतो.

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की कुंडी पावसात ठेवावी, पण उघडीप पडताच सावलीला घ्यावी. खताची वेळ ही : दोन मुठी गांडूळखत, थोडी निंबोळी पेंड. खोडाच्या मधोमध मिटलेला सुळका दिसेल. त्यावर आणि शेजारच्या देठावर एकाच पातळीत पेनानं रेघ ओढून ठेवा. दोन रेघांमधलं अंतर वाढू लागलं की पाम चालू झाला. कुंडी बदलायची तर तीही याच दिवसांत, आणि आधीच्यापेक्षा जेमतेम दोन बोटं रुंद.