पाच डावांत ठरतो पोराचा आकडा! बुद्धिबळाच्या रेटिंगमध्ये नव्या खेळाडूला न्याय मिळतो का?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पीसारखी मुरलेली खेळाडू होती. दिव्या स्पर्धेत उतरली तेव्हा मानांकनात पंधरावी होती आणि ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्याकडे नव्हता. विश्वचषक जिंकल्यामुळे तो किताब थेट मिळाला. कागदावरचा आकडा एक सांगत होता, पटावर घडलं दुसरंच.

ज्यांचं रेटिंग वर्षानुवर्षं घासून पक्कं झालंय, त्यांच्या बाबतीत असं होतं. मग ज्याला रेटिंगच नाही, जो पहिल्यांदाच तालुक्याबाहेर खेळायला निघालाय, त्याचा आकडा किती खरा असणार?

आधी डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश जगज्जेता झाला, मग दिव्या जिंकली. तेव्हापासून तालुक्याच्या गावीही पालक पोरांना पटावर बसवू लागलेत. पहिल्या रेटेड स्पर्धेहून परतल्यावर मात्र बऱ्याच घरांत एकच प्रश्न येतो. पोराने दोन रेटेड खेळाडू हरवले, मग रेटिंग एवढंच कसं? किंवा उलटं, पोराला रेटिंग चांगलं मिळालं, मग पुढच्या स्पर्धेत बक्षीस का गेलं?

जत्रेतल्या कुस्तीचं उदाहरण घेतलं तर हे चटकन कळतं. फडात नवा पैलवान आला की पंच त्याचं अंग बघतात, कान बघतात, कुठल्या तालमीतला ते विचारतात आणि जोड लावतात. अंदाज चुकला तर कुस्ती अर्ध्या मिनिटात निकाली. बुद्धिबळात अंग बघून काही कळत नाही. नऊ वर्षांची पोरगी पन्नाशीच्या माणसाला सहज मात देते. म्हणून जोड लावायचं काम आकड्यावर सोपवलंय.

हा आकडा काढायची पद्धत आर्पाड इलो यांची. जन्म हंगेरीतला, नोकरी अमेरिकेत मिल्वॉकीला, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, ती १९७० मध्ये स्वीकारली. पद्धत अशी: दोन खेळाडूंच्या रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल तर वरच्याने शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत, अशी अपेक्षा धरली जाते. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवलं तर रेटिंग वाढतं, कमी मिळवलं तर घटतं. पण यासाठी आधी दोघांकडे आकडा हवा. नव्या खेळाडूकडे तोच नसतो, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

पहिला आकडा असा निघतो

फिडेच्या नियमाप्रमाणे नव्या खेळाडूला रेटेड प्रतिस्पर्ध्यांशी किमान पाच डाव खेळावे लागतात. ते एकाच स्पर्धेत व्हावेत असं नाही, २६ महिन्यांच्या आत जमले तरी चालतात. पहिल्याच स्पर्धेत शून्य गुण मिळाले तर ती स्पर्धा हिशेबात धरत नाहीत. आणि आकडा १४०० च्या खाली निघाला तर यादीत नाव लागत नाही.

१ मार्च २०२४ पासून यात एक मोठा बदल झाला. नवा खेळाडू खरोखर जे डाव खेळला, त्यात दोन काल्पनिक डाव मिळवले जातात. हे दोन्ही प्रतिस्पर्धी १८०० रेटिंगचे आणि दोन्ही डाव बरोबरीत सुटले, असं धरायचं. ऐकायला विचित्र वाटतं. न खेळलेल्या डावांचे गुण कसे काय द्यायचे?

आकडे मांडून बघू. समजा एका मुलीने पाच रेटेड खेळाडूंशी डाव केले. त्यांचं सरासरी रेटिंग १५००, आणि तिला पाचात दोन गुण. नुसत्या या पाच डावांवर हिशेब केला तर तिचं रेटिंग १४२८ येतं. दोन काल्पनिक बरोबऱ्या धरल्या की सात डावांत तीन गुण होतात, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी १५८६ वर जाते आणि रेटिंग १५३६ येतं. म्हणजे १०८ गुण वर.

आता दुसरा खेळाडू. त्याचे पाच प्रतिस्पर्धी सरासरी १९०० चे आणि त्याला पाचात चार गुण. नुसत्या खेळावर त्याचा आकडा २१४० पर्यंत जातो, नव्या नियमाने तो २०२९ वर थांबतो. मुलीला वर ओढलं, याला खाली. दोघांनाही १८०० च्या दिशेने.

वाण्याच्या तराजूतला पासंग आठवा. पारडी समान नसली की हलक्या बाजूला थोडं वजन बांधतात. पाच डाव म्हणजे फारच थोडा माल. एखाद्याला त्या दिवशी ताप असतो, एखाद्याचा प्रतिस्पर्धी घड्याळाकडे बघायलाच विसरतो. एवढ्याशा निकालावर टोकाचा आकडा चिकटवण्यापेक्षा थोडा मधला धरलेला बरा, असा विचार त्यामागे आहे. तो पटण्यासारखा आहे. शिवाय डाव वाढले की पासंगाचा जोर आपोआप कमी होतो. पाच डावांत तो सातातले दोन असतो, नऊ डावांत अकरातले दोन.

याच दिवशी फिडेने आणखी एक काम केलं. २००० च्या खाली असलेल्या सगळ्यांचं रेटिंग एकदाच वर उचललं. २००० ला जितके गुण कमी, त्याच्या ४० टक्के वाढ. १००० वाला १४०० झाला, १५०० वाला १७००, १८०० वाला १८८०. कारण खालच्या थराचे आकडे वर्षानुवर्षं घसरत चालले होते. हजाराच्या आसपास रेटिंग घेऊन आलेली पोरं वर्षभरात तयार व्हायची, पण आकडा मागेच राहायचा. ती मोठ्यांना हरवायची आणि मोठ्यांचे गुण जायचे. कोरोनाच्या काळात स्पर्धा बंद असताना पोरं मोबाइलवर हजारो डाव खेळली, तेव्हा हा फरक आणखी रुंदावला. जेफ सोनास या आकडेतज्ज्ञाने हे सगळं मांडून फिडेला उपाय सुचवले होते. ‘भारतातल्या लहान पोरांशी खेळायला भीती वाटते, त्यांच्या रेटिंगवर विश्वास ठेवता येत नाही’, ही तक्रार परदेशी खेळाडूही करतात, ती याचमुळे.

शहरातल्या पोराचा आकडा सुधारतो, गावातल्याचा अडकतो

पहिला आकडा चुकला तरी तो सुधारायची सोय नियमात आहे. नव्या खेळाडूच्या पहिल्या ३० डावांपर्यंत गुण ४० च्या पटीत बदलतात. रेटिंग २३०० च्या खाली असेल तर अठरावा वाढदिवस ज्या वर्षी येतो ते वर्ष संपेपर्यंत हाच पट राहतो. मोठ्यांसाठी, रेटिंग २४०० च्या खाली असेपर्यंत, तो २० चा. वरच्या १५३६ वाल्या मुलीने १७०० च्या प्रौढ खेळाडूला हरवलं तर तिला २८.८ गुण मिळतात, त्याचे जातात १४.४. मुलीचा आकडा झपाट्याने खऱ्याकडे जावा, पण समोरच्याचं फार नुकसान होऊ नये. व्यवस्था चांगली आहे.

पण ही व्यवस्था डाव खेळायला मिळतात असं गृहीत धरते, आणि खेड्यातल्या पोराचं घोडं नेमकं इथेच अडतं.

समजा त्या मुलीची खरी ताकद १७०० ची आहे. ती आपल्याच आकड्याच्या खेळाडूंशी खेळली तर सुरुवातीला डावामागे सरासरी जेमतेम नऊ गुण वाढतात. पाच डावांत चाळीसेक. पुण्या-मुंबईतलं पोर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तीस-चाळीस डाव खेळून हा फरक बराचसा भरून काढतं. गावातल्या मुलीला पुढची स्पर्धा दिवाळीत मिळणार, तीही मिळाली तर. लांब डावांची स्पर्धा दोन-चार दिवस चालते. प्रवेश फी, एसटी, राहणं, जेवण, आणि सोबत आलेल्या बापाचा बुडालेला रोज. तेवढ्यात मुलगी आणखी पुढे गेलेली असते, आकडा मागच्याच वर्षीचा. सूत्र दोघांना सारखंच लागतं, डाव मात्र सारखे मिळत नाहीत. त्यामुळे ‘नियम सगळ्यांना एक’ हे वाक्य ऐकून घ्यायचं, पण त्यावर समाधान मानायचं कारण नाही.

पाच रेटेड प्रतिस्पर्धी मिळणं हेही दिसतं तितकं सोपं नाही. ओपन स्पर्धेत जोड्या स्विस पद्धतीने लागतात. रेटिंग नसलेल्यांची नावं यादीत तळाला असतात. पहिल्या राउंडला वरच्या अर्ध्या यादीतला रेटेड खेळाडू समोर येतो. तिथे हरलं की खालच्या टेबलांवर जावं लागतं आणि तिथे समोर बहुतेक आपल्यासारखेच अनरेटेड. ते डाव जिंकले तरी रेटिंगच्या हिशेबात येत नाहीत. नऊ राउंड खेळून, खर्च करून, पाचाऐवजी तीनच डाव मोजले गेले असं सहज होऊ शकतं. पालकांना वाटतं पोराचं रेटिंग कुणीतरी दाबलं. कुणी दाबलेलं नसतं, डावच भरलेले नसतात.

बक्षिसांचा प्रश्न वेगळा. बऱ्याच ओपन स्पर्धांत १६०० खालील, १८०० खालील आणि अनरेटेड असे गट असतात. पहिल्याच स्पर्धेत १५०० सरासरीच्या खेळाडूंविरुद्ध पाचात चार गुण घेतले तर रेटिंग १७४४ येतं. घरी पेढे वाटले जातात. पुढच्या स्पर्धेत मात्र तेच पोर अनरेटेड गटातही नाही आणि १६०० खालीलही नाही. त्याला आता मुरलेल्या लोकांशी झुंजायचंय. चार वाईट डाव झाले की आकडा कोसळतो. १४०० च्या खाली गेला तर नावच यादीतून जातं आणि पुन्हा अनरेटेडपासून सुरुवात. दुसरीकडे काही मोठी माणसं खालच्या गटाच्या बक्षिसासाठी मुद्दाम डाव सोडून रेटिंग खाली ठेवतात, अशी कुजबुज प्रत्येक स्पर्धेत असते. नव्या पोराने प्रामाणिकपणे जिंकून बक्षिसाच्या गटाबाहेर जायचं आणि त्यांनी हरून गटात राहायचं, हे काही बरं नाही. आयोजकांनी गट ठरवताना आजचं रेटिंग न बघता मागच्या दोन वर्षांतलं सर्वात वरचं रेटिंग बघितलं, तर यातलं बरंच थांबेल.

तालुक्यात काय करता येईल

सूत्रात आणखी दुरुस्त्या होत राहतील. पण जिल्ह्यातल्या पोराचा आकडा खरा व्हायचा असेल तर त्याच्याजवळ रेटेड डाव यायला हवेत. एका दिवसात उरकणारी रॅपिड स्पर्धाही फिडे रेटिंगसाठी नोंदवता येते. तिची यादी वेगळी असते. दहा मिनिटांपेक्षा जास्त आणि तासापेक्षा कमी वेळाचे डाव, परवानाधारक आर्बिटर, आधीची नोंदणी, आणि शाळेचा एक हॉल. रविवार पुरतो.

अडचण एकच. सगळेच अनरेटेड जमले तर कुणालाच रेटिंग मिळणार नाही. कोंबडी आधी की अंडं आधी, तसलाच हा प्रकार. म्हणून जिल्हा संघटनेने शहरातले दहा-बारा रेटेड खेळाडू फी माफ करून तालुक्याला आणायला हवेत. ते ‘आमचं रेटिंग जाईल’ म्हणतील. तर त्यांना नियम दाखवावा. अनरेटेड खेळाडूकडून हरलं तरी रेटेड खेळाडूचा एक गुणही जात नाही, कारण त्याच्या बाजूने तो डाव मोजलाच जात नाही. पोराच्या पहिल्या आकड्यात मात्र तो धरला जातो.

पालकांपुरतं सांगायचं तर पोराची महासंघाकडे नोंदणी आणि फिडे आयडी स्पर्धेच्या आधी करून घ्यावा. पहिल्यांदाच जायचं असेल तर कमी राउंडच्या स्पर्धेपेक्षा नऊ राउंडची बरी, पाच डाव भरण्याची शक्यता वाढते. रेटिंगची नवी यादी दर महिन्याच्या १ तारखेला लागते आणि फिडेच्या साइटवर मोबाइलवरच दिसते. समोरच्याचं नाव, त्याचं रेटिंग आणि निकाल घरच्या वहीत लिहून ठेवला, तर पाचातले किती डाव भरले आणि २६ महिन्यांतले किती उरले, हे कुणाला विचारायची गरज पडत नाही.