नगराध्यक्षांना आमदार का व्हायचे आहे?

नगराध्यक्षाने पदभार स्वीकारून महिना उलटत नाही तोच चौकातील फलकावर त्याच्या छायाचित्राखाली 'भावी आमदार' अशी अक्षरे झळकू लागतात, हे दृश्य महाराष्ट्राला नवे राहिलेले नाही. फलक लावणारे म्हणतात, हा कार्यकर्त्यांचा उत्साह आहे. ज्यांचे छायाचित्र असते ते म्हणतात, आम्हाला कशाचीच अपेक्षा नाही, परंतु जनतेचा आग्रह मोडवत नाही. जनतेच्या या आग्रहाची नोंद मात्र कोणत्याही सभावृत्तांतात सापडत नाही. वर्षानुवर्षे रखडलेल्या नगरपालिकांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये पार पडल्या आणि त्या धुरळ्यातच पुढील विधानसभेचे मनसुबे रचले जाऊ लागले. आमच्याही तालुका समित्यांपुढे असे अर्ज येणार आहेत. ते कोणत्या कसोटीवर घासून पाहायचे, याचा विचार अर्ज हाती पडण्यापूर्वी झालेला बरा. नंतर विचार होत नाही, गट पडतात.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमदार होण्याची इच्छा बाळगणे हे पाप नव्हे. सत्तेविषयी तिटकारा दाखवण्याची एक सोवळी रीत समाजवादी चळवळीत रूढ झाली आणि तिने चळवळीचे नुकसानच केले. डॉ. लोहिया यांनी फावडे, मतपेटी आणि तुरुंग अशी तीन साधने कार्यकर्त्यापुढे ठेवली होती. त्यांतील मतपेटी त्यांनी वगळली नव्हती. गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवर राज्य उभे राहावे, ही त्यांची चौखंबा राज्याची कल्पना तर आपल्या परिचयाचीच आहे. या कल्पनेत गाव हा खांब आहे, प्रांताकडे जाणाऱ्या जिन्याची पायरी नव्हे. आज नेमकी हीच गफलत होते आहे. नगरपालिका वा जिल्हा परिषद म्हणजे आमदारकीची पूर्वपरीक्षा असे मानले जाते, आणि पूर्वपरीक्षेच्या अभ्यासक्रमात कोणालाच रस नसतो.

कायद्याने मागितलेली पात्रता अगदी तुटपुंजी आहे. राज्यघटनेच्या १७३ व्या अनुच्छेदानुसार उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याचे वय २५ पूर्ण असावे आणि त्याने विहित शपथ घेतलेली असावी. मतदारयादीतील नाव, लाभाचे पद नसणे अशा आणखी काही अटी आहेत. गंमत अशी की महाराष्ट्रात दोनांपेक्षा अधिक अपत्यांची जी अपात्रता सरपंचाच्या आणि नगरसेवकाच्या डोक्यावर टांगली गेली, ती आमदाराला लागू केली गेली नाही. कायदा करणाऱ्यांनी दुसऱ्यांसाठी नियम केला आणि स्वतःस वगळले. विधिमंडळ स्थानिक संस्थांकडे कोणत्या नजरेने पाहते, हे एवढ्यावरूनही कळावे.

स्थानिक संस्थेतून विधानसभेत जाण्याची वाट मात्र चांगलीच मळलेली आहे. बाभळगावचे सरपंच विलासराव देशमुख आणि नागपूरचे महापौर देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. सांगली जिल्हा परिषदेत एक तपाच्या आसपास काढलेले आर. आर. पाटील १९९० मध्ये विधानसभेत आले आणि ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छतेची मोहीम उभी केली. त्यांच्या पक्षाशी आमचे मतभेद होते. परंतु गावाच्या वेशीवरील घाण कोणत्या योजनेने जात नाही आणि कशाने जाते, हे जिल्हा परिषदेत बसलेल्या माणसालाच सुचू शकते, हे मान्य केले पाहिजे. तेव्हा वाट चुकीची नाही. त्या वाटेने कोण, काय घेऊन चालतो आहे, हा प्रश्न आहे.

याचे सर्वांत स्वच्छ उत्तर आमच्या मते मृणाल गोरे यांच्या कार्यात सापडते. मृणालताईंचे नाव काढले की आपल्याकडे हात जोडले जातात आणि विचार थांबतो, म्हणून तपशिलात जाऊ. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या सेवादलाच्या आणि पक्षाच्या कामात आल्या. गोरेगाव मुंबईत विलीन झाले ते १९५७ मध्ये. त्यापूर्वी तेथे ग्रामपंचायत होती आणि मृणालताईंच्या सार्वजनिक कामाचा पाया तेथेच घातला गेला. १९५८ मध्ये पती केशव गोरे यांचे निधन झाले. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. उपनगर महापालिकेत आले होते, पण महापालिकेचे पाणी उपनगरात पुरेसे आले नव्हते. हंडे घेतलेल्या बायकांचे मोर्चे, अधिकाऱ्यांना घेराव आणि सभागृहात आकडेवारीसह केलेली भाषणे ही तिन्ही कामे त्यांनी एकाच वेळी केली. त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव पडले ते या काळात.

आता त्यांच्या आमदारकीकडे पाहा. १९७२ मध्ये दुष्काळ आणि महागाईने होरपळलेल्या महाराष्ट्रात महागाई प्रतिकार महिला संयुक्त समिती उभी राहिली. मृणालताई, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया त्यात होत्या आणि हाती लाटणी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. तेल, तूर, साखर, रॉकेल यांचा पुरवठा महापालिकेच्या सभागृहात ठरत नव्हता. त्यासाठी मंत्रालयाला जाब विचारावा लागत होता. त्याच वर्षी त्या समाजवादी पक्षाच्या उमेदवार म्हणून विधानसभेवर निवडून आल्या. त्या विधानसभेत २७० पैकी २२२ जागा काँग्रेसकडे होत्या. सत्तेचा वाटा मिळावा म्हणून तेथे जाणे हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. विरोधी बाकावर बसायचे आहे हे ठाऊक असूनच त्या गेल्या. आणीबाणीत कारावास पत्करून १९७७ मध्ये लोकसभेत गेल्यावर मोरारजींनी देऊ केलेले आरोग्यमंत्रीपदही त्यांनी घेतले नाही. असा नकार प्रत्येकाने द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. तो निर्णय योग्य होता का, यावर वादही होऊ शकेल. परंतु पदाची हाव असलेला माणूस तो देऊ शकत नाही, एवढे निश्चित.

१९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या. गर्भजलपरीक्षा करून मुलीचा गर्भ पाडण्याचा धंदा तेव्हा मुंबईत उजळ माथ्याने चालला होता. स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ त्याविरुद्ध एकत्र आले होते. मृणालताईंनी हा प्रश्न खाजगी विधेयकाच्या रूपाने सभागृहात नेला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने या चाचण्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. देशातील तो पहिलाच आणि केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ मध्ये आला. नगरसेवक कितीही तळमळीचा असला तरी असा कायदा करू शकत नाही. तो करायला आमदारच लागतो. विधानसभेत जाण्याचे हे सबळ आणि प्रामाणिक कारण आहे: जो प्रश्न आपण लोकांबरोबर खाली लढवला, त्याची पुढची दोरी वर बांधलेली आहे, हे अनुभवाने कळणे.

आजच्या नगराध्यक्षांपुढे अशा दोऱ्या काय कमी आहेत? ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय लिहिले गेले. पण ते प्रत्यक्ष सोपवणे विधिमंडळाच्या मर्जीवर राहिले. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, बहुतांश व्यापाऱ्यांवरील स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये उठला, मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी संपली. हक्काचे उत्पन्न गेले आणि त्याच्या जागी भरपाईचे अनुदान आले, म्हणजे मंत्रालयाच्या पायऱ्या आल्या. नगराध्यक्ष थेट जनतेने निवडावा की नगरसेवकांनी, हेसुद्धा मुंबईतील सरकार बदलले की बदलते: २०१६ मध्ये थेट निवड आली, महाविकास आघाडीच्या काळात ती गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. प्रत्येक वेळी लोकशाहीचे नाव घेतले गेले आणि प्रत्येक वेळी हिशेब पक्षाचा होता. ज्याने पाच वर्षे पालिका चालवताना हे सोसले आहे, त्याच्याकडे विधानसभेत बोलण्यासारखे पुष्कळ असायला हवे. पण आमदार झालेले माजी नगराध्यक्ष तेथे याविषयी किती बोलतात? बहुतेकांना आमदार होताच पालिकेच्या अधिकारांचा विसर पडतो, कारण ते अधिकार आता त्यांच्या वाटणीतून जाणार असतात.

येथेच दुसऱ्या हेतूची मुळे आहेत. २०२२ पासून मुंबईसह अनेक महापालिकांवर आणि पालिकांवर प्रशासक बसले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला या निवडणुका घ्या असे बजावावे लागले. मधल्या काळात गटाराच्या झाकणापासून समाजमंदिराच्या फरशीपर्यंत प्रत्येक कामाच्या पाटीवर आमदारांचे नाव लागले. नगरसेवकच नसल्याने आमदारच बडा नगरसेवक झाला, आणि ही भूमिका त्याला भलतीच मानवली. मग महत्त्वाकांक्षी स्थानिक पुढाऱ्यानेही सरळ निष्कर्ष काढला: निधी तिथे आहे, निविदेचा शब्द तिथे आहे, पोलीस ठाण्यातला दूरध्वनीही तिथूनच चालतो, तर आपणही तिथेच जावे. त्याला कायदे करायचे नसतात. त्याला पालिकेचा विस्तार तालुकाभर करायचा असतो. त्याच्यामागे उभ्या असलेल्या कंत्राटदारांनाही तेच हवे असते, कारण गावातले रस्ते त्यांनी दोनदोनदा करून झालेले असतात. आमदार झाल्यावरही नगरसेवकपद न सोडणारे महाभाग आपण पाहिलेच आहेत. असा आमदार अधिवेशनात हजेरी लावतो, लक्षवेधी सूचना अर्थखात्यावर येत नाही आणि विधेयके गोंधळात मंजूर होतात.

या सगळ्यात एका वर्गाची उपेक्षा होते आणि तिकडे आमच्या समित्यांचेही लक्ष कमी जाते. स्थानिक संस्थांत महाराष्ट्राने स्त्रियांसाठी ५० टक्के जागा राखल्या. त्यामुळे पाणीपट्टी, शाळेची पटसंख्या, रेशनच्या याद्या तोंडपाठ असलेल्या हजारो स्त्रिया तयार झाल्या. पुढच्या निवडणुकीत आरक्षणाचे चक्र फिरते, वॉर्ड खुला होतो आणि त्यांना घरी बसवले जाते. २८८ जणांच्या विधानसभेत २०२४ मध्ये निवडून आलेल्या स्त्रियांची संख्या २५ देखील भरत नाही. २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्ती संमत झाली ती जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांची अट घालूनच. फलकांवर 'भावी आमदार' म्हणून यांपैकी किती जणींची छायाचित्रे लागतात? ज्यांच्यापाशी पात्रता आहे त्या अर्ज करीत नाहीत, आणि अर्ज येतात ते त्यांच्या दीरांचे, यजमानांचे. समितीने अर्जाची वाट पाहत बसू नये. अशा कार्यकर्तीच्या घरी जाऊन तिला विचारावे.

आणि जे अर्ज येतील त्यांना काय विचारावे? जातीची मते किती आणि खर्चाची तयारी किती, हे प्रश्न इतर पक्ष विचारतात आणि आमच्यातही ते दबक्या आवाजात विचारले जातात, हे लपवून उपयोग नाही. त्याऐवजी उमेदवारी मागणाऱ्या प्रत्येक नगराध्यक्षाकडून, सभापतीकडून आणि सरपंचाकडून त्याच्या कारकिर्दीतील अंदाजपत्रके मागवावीत व ती त्याच्याच गावच्या खुल्या सभेत वाचावीत. कोणत्या वस्तीत नळ गेला आणि कोणत्या वस्तीत नाही, सफाई कामगार कंत्राटावर किती आणि कायम किती, हे त्यांतून दिसेल. त्याने केलेले कोणते ठराव जिल्हाधिकाऱ्यांनी वा मंत्रालयाने अडवले आणि त्यावर त्याने काय केले, हे लेखी घ्यावे. कोणता कायदा बदलण्यासाठी विधानसभेत जायचे आहे, ते त्याच्याच शब्दांत एका कागदावर मागावे. त्याच्यामागे रिकामी होणारी जागा कोण सांभाळणार, हेही त्याच सभेत विचारावे. उत्तरात घरातलेच नाव आले तर अर्ज तेथेच परत करावा.