मोगलीचे गाणे आणि मणिबेलीची मुले

आज चाळिशीच्या आसपास असलेल्या कुणालाही विचारा, लहानपणी आवडलेले कार्टूनचे गाणे कोणते? विचारायचा अवकाश, तो मोगलीचे गाणे गुणगुणू लागतो. १९९३ साली दूरदर्शनवर 'जंगल बुक' आले. मूळ मालिका जपानी, हिंदीत आणलेली. शब्द गुलजार यांचे, चाल विशाल भारद्वाज यांची आणि शेरखानला आवाज नाना पाटेकर यांचा. रविवारी सकाळी ते गाणे वाजले की गल्लीतला विटीदांडीचा डाव मोडायचा. लांडग्यांनी वाढवलेल्या, चड्डीवर रानभर हिंडणाऱ्या पोराचे कौतुक करणारे ते छोटेसे गाणे आज एका अख्ख्या पिढीचे गाणे म्हणून मिरवले जाते.

मलाही ते आवडते. खोटे कशाला बोलायचे? पण ते मी कसे ऐकले, तेही सांगितले पाहिजे. आमच्या वस्तीत तेव्हा टीव्ही हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या घरांत. आम्ही पोरे वस्तीबाहेरच्या एका घराच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहायचो. कधी आत बसायला सांगत, कधी 'गर्दी करू नका' म्हणून दार लावून घेत. दार लावले की चित्र दिसेनासे व्हायचे, गाणे मात्र बाहेर यायचेच. त्यामुळे मोगलीचा चेहरा नीट ठाऊक नसताना त्याचे गाणे आम्हाला तोंडपाठ होते. कार्टून बघायला टीव्ही लागतो, वीज लागते, कुणाची तरी मर्जी लागते. गाण्याला कान पुरतात. म्हणूनच गरिबाच्या पोराच्या वाट्याला कार्टूनमधले काही आले असेल तर ते त्याचे गाणे.

पण ज्यांच्या वाट्याला गाणेही आले नाही, त्यांचे काय? 'आमच्या पिढीचे गाणे' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या 'आमच्या'त कोण कोण असते?

त्याच १९९३ सालची गोष्ट. सातपुड्याच्या कुशीत, नर्मदेच्या काठी मणिबेली नावाचे गाव आहे. तालुका अक्कलकुवा. तेव्हा जिल्हा धुळे होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. सरदार सरोवर धरणाच्या भिंतीच्या वरच्या अंगाला लागणारे महाराष्ट्रातले हे पहिले आदिवासी गाव. या धरणाने महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली. त्यांपैकी ९ अक्कलकुव्याची, २४ अक्राणीची. बुडिताची पहिली झळ मणिबेलीला बसली. १९९३ आणि १९९४ च्या पावसाळ्यांत तिथली घरे, शेते पाण्याखाली गेली. शूलपाणेश्वराचे जुने देऊळही गेले. देवाला गुजरातेत गोरा येथे नवे देऊळ मिळाले. माणसांपैकी काही गुजरातेत हलवली गेली, काही तिथेच डोंगरावर वर सरकून नव्याने झोपड्या उभारून राहिली.

म्हणजे ज्या साली सारा देश रविवारी सकाळी जंगलाचे गाणे गात होता, त्याच साली जंगलातल्या मुलांच्या दारात पाणी येऊन उभे होते. मणिबेलीत टीव्ही नव्हता, कारण वीजच नव्हती. आणि धरण कशासाठी? पाण्याबरोबर विजेसाठीही. लवादाच्या निवाड्याप्रमाणे या धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. घर बुडाले त्याचे आणि दिवा लागला दुसऱ्याचा, हा हिशेब आपल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. गावकुसाबाहेर राहून गावाचे सगळे काम करणाऱ्यांना तो पिढ्यान्पिढ्या पाठ आहे.

इथे एक खुलासा करतो. धरण हवे की नको हा या लेखाचा विषय नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनीच दामोदर खोऱ्यासारख्या बहुउद्देशीय प्रकल्पांचा पाया घातला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. प्रश्न एवढाच, की विकासाच्या जमाखर्चात बुडणाऱ्या माणसाची नोंद कुठे होते? आणि आठवणींच्या जमाखर्चात त्याच्या मुलाची नोंद कुठे होते?

मोगलीचे जंगल कोणते, हेही एकदा बघू. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ चा, आपल्याच मुंबईतला, जे. जे. कला शाळेच्या आवारातला. 'द जंगल बुक' १८९४ साली प्रसिद्ध झाले. त्यातले जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनी परिसरातले. हा गोंडांचा मुलूख आहे. किपलिंगच्या कथांत एखादा गोंड शिकारी येऊन जातो, पण कथा त्याची होत नाही. वाघाला नाव आहे, अस्वलाला नाव आहे, अजगरालाही नाव आहे. ज्यांनी ते जंगल राखले त्यांचे नाव घ्यायला मात्र कुणाला सवड झाली नाही. इंग्रज लेखकाने लिहिले, जपानी चित्रकारांनी चितारले, मुंबईच्या कलावंतांनी गायले, देशभरच्या पोरांनी उचलले. या सगळ्या प्रवासात आदिवासी मूल कुठेच नाही. जंगल हवे, जंगलातले प्राणी हवेत, लांडग्यांनी वाढवलेले पोरही चालते. आईबापांनी वाढवलेले आदिवासीचे पोर तेवढे नको!

शहरी घरात पोराला लाडाने 'जंगली' म्हणतात, आदिवासीला हिणवायला म्हणतात. जयपाल सिंह मुंडा यांनी संविधान सभेत १९ डिसेंबर १९४६ रोजी उभे राहून आपण 'जंगली' असल्याचा अभिमान आहे असे ठणकावून सांगितले होते. ज्या शब्दाने हिणवले तोच शब्द मान वर करून उच्चारायचा, ही रीत आपल्या चळवळीलाही परकी नाही.

आणखी एक गाणे आठवते. 'एक, अनेक और एकता' हा १९७४ सालचा छोटा चित्रपट. विजया मुळे यांनी केलेला, भीमसैन यांनी चितारलेला. दूरदर्शनवर तो वर्षानुवर्षे दाखवला गेला. पारध्याच्या जाळ्यात सापडलेले पक्षी एकत्र उडतात आणि जाळेच उचलून नेतात, ही त्यातली गोष्ट. बाबासाहेबांच्या 'संघटित व्हा' या आदेशाचा धडा म्हणून तो मला आजही आवडतो. पण एकतेचे पुढे काय झाले बघा. मणिबेलीपासून जवळच, धरणाच्या खालच्या अंगाला केवडिया आहे. तिथे ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला आणि पुढे केवडियाचे नावच एकता नगर झाले. तिथे आता जंगल सफारी आहे. ३० ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेले मुलांचे पोषण उद्यानही आहे. त्यात छोटी रेल्वे फिरते आणि काय खावे, कसे सुदृढ व्हावे, हे मुलांना खेळातून शिकवते. चांगले आहे. पण त्याच नर्मदेच्या वरच्या काठाला लागून असलेला नंदुरबार जिल्हा बालकांच्या कुपोषणासाठी वर्तमानपत्रांत येतो. रेल्वेत बसून पोषण शिकणारे मूल एकीकडे आणि पोषणाची वाट बघणारे मूल दुसरीकडे. दोघांच्या मध्ये धरणाची भिंत!

मग मणिबेलीच्या मुलांकडे गाणी नव्हती काय? होती, भरपूर होती. १९९१-९२ पासून चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत आंदोलनाच्या जीवनशाळा सुरू झाल्या. पुढे मणिबेलीतही झाली. सरकारी शाळा कागदावर भरत होती, तेव्हा या शाळांतली पोरे कुडाच्या भिंतीआड बसून आपल्या बोलीत अक्षरे गिरवत होती. आपल्या नदीची, पिकांची, लढ्याची गाणी म्हणत होती. बालमेळ्यात गावोगावची मुले जमली की घोषणा आणि गाणी एकाच दमात चालत. १९९४ मध्ये 'मणिबेली जाहीरनामा' निघाला. ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी त्याद्वारे जागतिक बँकेला मोठ्या धरणांचा पैसा थांबवायला सांगितले. गावाचे नाव वॉशिंग्टनपर्यंत गेले. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या 'नर्मदा डायरी'मुळे १९९५ साली ते पडद्यावरही आले. पण रविवारी सकाळच्या त्या अर्ध्या तासात मणिबेली कधी आली नाही.

कुणी म्हणेल, कार्टूनची गाणी हा काय चळवळीचा विषय झाला? अत्याचार आहेत, आरक्षण आहे, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत. मान्य! पण आपली चळवळ पोचली कशाने, हे विसरू नका. सत्यशोधक जलसे, पुढे आंबेडकरी जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी. जिथे वर्तमानपत्र पोचले नाही तिथे गाणे पोचले. अक्षर न कळणाऱ्या आयाबायांनी जात्यावर भीमरायाच्या ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांच्या ओव्याही आहेत. आपल्या घरात मुलाने ऐकलेले पहिले गाणे म्हणजे भीमाचा पाळणा. मग ते मूल चालू लागते, टीव्हीसमोर बसते आणि 'भीम' हे नाव त्याला पुन्हा ऐकू येते. पण हा भीम वेगळा! २००८ साली 'छोटा भीम' आला. लाडू खाऊन ताकद मिळवणारा, राजाच्या मदतीला धावणारा. आपल्या वस्तीतली पोरेही त्याचे गाणे उड्या मारत म्हणतात. म्हणू द्या. पोरांच्या हातून गंमत काढून घेणे हे आपले काम नव्हे. पण लाडू खाणारा भीम रोज घरात येतो आणि शाळेत तहानेने व्याकूळ झालेला भीम वर्षातून एकदा, १४ एप्रिलला येतो, याचा दोष आपण कुणाला देणार? वाहिन्या प्रस्थापितांच्या आहेत, हे खरेच. पण आपण तरी काय केले?

खरे तर अर्धे काम होऊन बसले आहे. २०११ साली 'भीमायन' हे चित्रपुस्तक आले. बाबासाहेबांच्या आयुष्यातले पाणी, निवारा आणि प्रवास यांचे प्रसंग त्यात आहेत. चित्रे काढली दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी. हे दोघे परधान गोंड कलावंत. त्यांच्या कलेचे माहेर पाटणगढ हे नर्मदेच्याच वरच्या खोऱ्यातले. ज्या गोंडांना किपलिंगच्या जंगलात नायकाची जागा मिळाली नाही, त्यांनी आपल्या हाताने बाबासाहेबांचे बालपण चितारले. ही नुसती चित्रे नाहीत, आदिवासी आणि दलित यांच्यातला हा करार आहे. एका मुलाला पाणी नाकारले गेले, दुसऱ्या मुलाचे घर पाण्यात गेले. चवदार तळ्यापासून नर्मदेपर्यंत पाण्यावर हुकूम कोणाचा, हा एकच प्रश्न आहे.

ती चित्रे हलू द्या, बोलू द्या. मूळ कलावंतांची परवानगी आणि त्यांचा योग्य मोबदला, या दोन अटी पाळून त्यांचे कार्टून व्हावे. त्याला एक शीर्षकगीत असावे. मराठीत असावे, गोंडीत असावे, भिलोरीत असावे, पावरीत असावे. जयंतीच्या डीजेवर जो पैसा एका रात्रीत उडतो, त्यातला थोडा वाटा बाजूला काढला तरी सुरुवात होऊ शकते. आपल्यात गीतकार आहेत, गायक आहेत, संगणकावर चित्रे हलवणारी शिकलेली मुले आहेत. बुद्धविहारात रविवारी मुलांचे वर्ग भरतात. तिथल्या शिक्षकांनी निदान मुलांची गाणी उतरवून ठेवावीत. जीवनशाळेत शिकून मोठे झालेले तरुण आहेत. त्यांना सन्मानाने बोलवा, त्यांच्या लहानपणची गाणी त्यांच्याच तोंडून ऐका. त्यांना मोगलीचे गाणे कदाचित ठाऊक नसेल. तुम्हालाही त्यांचे ठाऊक नाही. हिशेब बरोबरीचा आहे, मग लाज कशाची? बसा समोरासमोर आणि शिका.

मोगलीचे गाणे टाकून द्या असे मी म्हणत नाही. मलाच ते टाकता येणार नाही. बंद दाराबाहेर उभे राहून ते मी कमावले आहे. मागणे एवढेच आहे, की आपल्या पोरांच्या पोरांना कुणी लहानपणीचे आवडते गाणे विचारले, तर त्यांच्या तोंडी एक तरी गाणे आपले असावे. ते ऐकायला कुणाच्या उंबऱ्याशी उभे राहावे लागू नये. आणि ते मणिबेलीच्या डोंगरावरही ऐकू जावे.

जय भीम! जय जोहार!